जंतांची साखळी आपल्याच हातानं तुटते



मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे येतात, गाढवं येतात, लाल कंधारी आणि देवणी जनावरं येतात, आणि तिथं कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. नांदेड-लातूरच्या माणसाला कुत्र्याची आवड जुनी आहे. उंच, सडपातळ, वेगानं पळणारी कारवानी आणि तिच्याच जातकुळीतली केसाळ पश्मी ही आपल्या भागाची शान. शेतावर राखणीला कुत्रा, धनगराच्या वाड्यावर कुत्रा, आणि आता शहरातल्या घरांतही लॅब्रॅडॉर, पोमेरेनियन.

पिलू घरी आलं की पोरं त्याला कुशीत घेऊन झोपतात. कुणीतरी जाणता सांगतो, "इंजेक्शन देऊन घ्या." तेही दिलं जातं, आणि आपण निर्धास्त होतो. पण रेबीजची लस रेबीजपासूनच वाचवते. पोटातल्या जंतांवर तिचा काही परिणाम होत नाही. तो विषय वेगळा आहे, आणि तो फक्त कुत्र्याच्या तब्येतीचा नाही. घरातल्या लेकरांचा आणि गोठ्यातल्या शेळ्या-मेंढ्यांचाही आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात गोल जंतांपासून करू. पिलू ओकतं आणि त्यात लांब, पांढरट, वळवळणारे जंत दिसतात, ते हे. पिलाचं पोट फुगलेलं, बरगड्या दिसणाऱ्या, केस राठ, आणि खाऊनही वाढ नाही, अशी त्याची लक्षणं. लोक म्हणतात, गूळ खाल्ला, गोड खाल्लं म्हणून जंत झाले. तसं नाही. बहुतेक पिलं हे जंत आईच्या पोटातूनच घेऊन येतात. कुत्रीच्या मांसात या जंतांच्या अळ्या वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. ती गाभण राहिली, दिवस भरत आले, की त्या जाग्या होतात आणि वारेतून पिलांच्या अंगात शिरतात. काही अळ्या दुधातून जातात. जंताच्या नेहमीच्या गोळ्या आतड्यातल्या जंतांना मारतात, मांसात दडलेल्या अळ्यांपर्यंत त्यांचा प्रभाव पोचत नाही. म्हणून कुत्री दिसायला ठणठणीत असली, तिला वेळच्या वेळी औषध मिळालेलं असलं, तरी पिलांना जंत असतात असंच धरून चालायचं.

पिलू तीन आठवड्यांचं झालं की त्याच्या पोटातले जंत अंडी घालायला लागतात. एकेक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ती विष्ठेतून अंगणात पडतात. ताजी असताना त्यांचा धोका नसतो. दोन ते पाच आठवडे मातीत मुरली की ती बाधा करू शकतात. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की फिनेलनं ती मरत नाहीत आणि सावलीतल्या ओल्या मातीत काही वर्षं टिकतात. त्याच मातीत लेकरू खेळतं आणि तोच हात तोंडात घालतं. लेकराच्या पोटात अळी बाहेर पडते, पण माणसाच्या शरीरात तिचा पूर्ण जंत होत नाही. ती नुसती भटकत राहते, यकृतात, फुफ्फुसात, कधी डोळ्यात. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांना कर्करोगाच्या संशयावरून काढलेल्या लहान मुलांच्या काही डोळ्यांत अशा अळ्या सापडल्या. पुढं १९५२ मध्ये पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कुत्र्याच्या गोल जंताची अळी मुलांच्या शरीरात भटकून आजार करते. अळीनं डोळ्याचा पडदा एकदा बिघडवला की गेलेली नजर परत मिळणं अवघड असतं.

दुसरा जंत आकडेवाला. लांबीला जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, पण तो आतड्याला चावून रक्त पितो. त्याच्या अळ्या आईच्या दुधातून पिलाला मिळतात, आणि ओल्या जमिनीतून थेट कातडीतूनही आत शिरतात. अशा पिलाचा ओठ वर करून हिरड्या पाहा. निरोगी पिलाच्या हिरड्या गुलाबी असतात. त्या पांढऱ्याफटक दिसत असतील आणि शी काळी, चिकट होत असेल, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान पिलं अशा रक्तक्षयानं दगावतात. आपल्या कडक उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच्या या अळ्या उन्हानं मरतात, पण मृगाचा पाऊस पडून माती ओली झाली की आठवडाभरात नव्या अळ्या तयार होतात. अनवाणी चालणाऱ्याच्या पायातही त्या शिरतात. कातडीवर लाल, नागमोडी, रोज थोडी पुढं सरकणारी रेघ उठते आणि खाज सुटते.

तिसरे चपटे जंत. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा झोपायच्या पोत्यावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते याच जंताचे. हा पसरतो पिसवांमधून. अंग चावताना कुत्रा किंवा मांजर पिसू गिळतं, आणि पिसवेतली अळी पोटात जाते. म्हणून इथं गोळी देऊन भागत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात. मांजर पाळणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, आणि ते मांजराला विषारी आहे. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. मांजराच्या पिलांना गोल जंत आईच्या दुधातून होतात, आणि मोठ्या मांजराला उंदीर खाल्ल्यानंही जंत होतात.

आता ज्यासाठी मी मुद्दाम जास्त वेळ ठेवला आहे, तो जंत. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा हा चपटा जंत अवघा काही मिलिमीटरचा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण. कुत्र्याला त्याचा काही त्रासही होत नाही. पण त्याची अंडी गवतावर, पाण्यात पडतात. शेळी, मेंढी, गाय, म्हैस चरताना ती खातात आणि त्यांच्या काळजात, फुफ्फुसात पाण्यानं भरलेल्या गाठी होतात. आपल्याकडं कंदुरी असते, जत्रेला बोकड कापला जातो, घरी पाहुण्यांसाठी उस्मानाबादी शेळी पडते. साफ करताना काळजावर पांढरट, पाण्याचा फोड दिसतो. तेवढा भाग कापून आपण बाजूला वाट बघत बसलेल्या कुत्र्यासमोर टाकतो. त्या एका फोडात हजारो जंतांची बीजं असू शकतात. सहा-सात आठवड्यांत कुत्रा पुन्हा अंडी टाकू लागतो.

हीच अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्याही यकृतात किंवा फुफ्फुसात गाठ होते. तिला हायडॅटिड गाठ म्हणतात. ती हळूहळू वाढते, कित्येक वर्षं कळतही नाही. कळते तेव्हा बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि गाठ आत फुटली तर जिवावर बेतू शकतं. इथं एक गैरसमज दूर करतो. ही गाठ मटण खाल्ल्यानं होत नाही. ती होते कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळं, न धुतलेल्या हातांमुळं, न धुतलेल्या भाजीमुळं, उघड्या पाण्यामुळं.

याच कुळातला आणखी एक जंत शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूत गाठ करतो. जनावर मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरतं, त्याला दिसेनासं होतं, शेवटी ते खंगून जातं. अशा जनावराचं मुंडकं कुत्र्यांनी फोडून खाल्लं की पुढच्या वर्षी कळपातली आणखी जनावरं फिरायला लागतात. धनगर बांधवांनी आणि शेळीपालकांनी हे ध्यानात घ्यावं. कळपाचा राखणदार आणि कळपाचा आजार यांना जोडणारा धागा आपण टाकलेलं मुंडकं असतं.

हे थांबवता येतं का? येतं. उत्तर अटलांटिक महासागरात आइसलंड नावाचा मेंढपाळांचा देश आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात हायडॅटिड गाठींनी माणसं फार मरत. १८६३ मध्ये हराल्ड क्राब्बे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तिथं गेले, कुत्री तपासली, आणि १८६४ मध्ये त्यांनी साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली. ती घरोघर फुकट वाटली गेली. १८६९ मध्ये कुत्र्यांविषयी कायदा झाला. गाठी असलेले अवयव कुत्र्यांना न देता पुरायचे किंवा जाळायचे, हे लोकांनी अंगी बाणवलं. पुढं मेंढपाळीच्या पद्धतीही बदलल्या. आज आपल्या हाताशी असलेलं प्राझिक्वांटेल हे औषध त्या काळी नव्हतं. तरीही विसाव्या शतकात तिथून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. मग औषध हाताशी असताना आपल्याला ते का जमू नये?

तर करायचं काय, ते नीट ऐका. पिलू दोन आठवड्यांचं झालं की पहिलं जंताचं औषध, नंतर दर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांचं होईपर्यंत. पुढं सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, आणि मग आयुष्यभर दर तीन महिन्यांनी. पिलांबरोबर त्यांच्या आईलाही द्यायचं. मांजराच्या पिलांना तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करायचं. यात्रेतून किंवा कुणाकडून पिलू आणलं, तर त्याला आधी काही दिलं होतं का याची चौकशी करत न बसता दवाखान्यात न्यावं. जे कुत्रं वाड्यावर, शिवारात फिरतं, कच्चं मांस खातं, त्याला चपट्या जंतांचं औषध दर सहा आठवड्यांनी द्यावं, म्हणजे जंत अंडी घालण्याआधीच मरतो.

औषध वजनावर ठरतं, म्हणून आधी वजन करा. माणसाची उरलेली गोळी अंदाजानं देऊ नका. एकच औषध सगळ्या जंतांना लागू पडत नाही. लसूण तर मुळीच चारू नका, कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशींना ती अपाय करते. ताजी शी छोट्या डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात, तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही तपासणीची सोय आहे.

अंगणातली विष्ठा रोज उचलून खड्ड्यात पुरा. अंडी बाधा करण्याजोगी व्हायला काही आठवडे लागतात म्हणून रोजच्या सफाईनं गोल जंतांची वाट बंद होते. जेवणाआधी लेकरांचे हात साबणानं धुवा. आपल्याकडं पाण्याची टंचाई नवी नाही, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण हात धुवायला तांब्याभर पाणी पुरतं.

आणि शेवटचं. पुढच्या कंदुरीला, पुढच्या जत्रेला बोकड कापला जाईल, तेव्हा गाठ असलेलं काळीज, फुफ्फुस आणि मुंडकं कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा, किंवा जाळून टाका. गावातल्या खाटीक भावांशी, सरपंचांशी याबद्दल बोला. एका घरानं केलं तर ते घर वाचेल, गावानं केलं तर गावची लेकरं आणि गावचे कळप दोन्ही वाचतील.