आजची भाकर
(ज्युबिली समारंभाच्या वेळी विश्रामबाग येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी मी काही बोलावे, अशी समितीची आज्ञा झाली. धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, असा माझा विचार होता, परंतु आपल्यापैकी एक वृद्ध माता म्हणाल्या, "फादर, इतिहास पुस्तिकेत छापून येणारच आहे. तुम्ही लहानपणी काय खात होता, ते सांगा." त्यांचे म्हणणे मी शिरोधार्य मानले आहे.

माझा जन्म नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू खेड्यात, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास झाला. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी ह्यांच्या हकिकती ऐकतच मी वाढलो. मिलोची भाकर घशाखाली उतरत नसे, पण आईने तिचा तुकडाही कधी वाया जाऊ दिला नाही. पुढे बरे दिवस आले, तेव्हा थंडीत बाजरीची भाकर व लसणाची चटणी, उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्या व ताक, आणि ताप आला म्हणजे हुलग्याचे ऊनऊन माडगे, हीच आमची पक्वान्ने. भोगीच्या दिवशी शेजारच्या घरातून तीळ लावलेली भाकर आमच्याकडे येई आणि नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जात.

बाजरीचे पीठ साठवून ठेवता येत नाही. थोड्याच दिवसांत ते कडवट होते. ज्वारीचे पीठ जुने झाले म्हणजे त्याची विरी जाते व भाकर थापताना चिरते. गव्हाच्या कणकेत जो चिकटपणा असतो, तो ह्या धान्यांत नाही. म्हणून ऊन पाणी घालून, तळहाताच्या जोराने मळून, पिठाला एकजीव करावे लागते. मग काठवटीत थापणे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरविणे, उलटणे, आणि शेवटी निखाऱ्यापुढे उभी करून पापुद्रा सुटेपर्यंत शेकणे. एवढे सर्व एकेका भाकरीसाठी, आणि तेही रोज.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. तेथे 'रोजची' ह्या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, तो अन्यत्र जवळजवळ आढळतच नाही. त्यामुळे त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत प्राचीन काळापासून वाद आहे. गुरुविद्यालयात मी तो वाद अभ्यासिला. परंतु बाजरीच्या पिठाशी ज्यांची गाठ पडली, त्या आमच्या आज्यांना त्यात फारसे कोडे वाटले नसते. कालची भाकर आज पुरत नाही व उद्याची आज करून ठेवता येत नाही. ती आजच मागावी लागते, आणि आज कोणाला तरी चुलीपुढे बसावे लागते. हा दुसरा अर्धा भाग मी फार उशिरा शिकलो, आणि तो कसा शिकलो, हे सांगण्यास मला आजही लाज वाटते.

सोळाव्या वर्षी मी गुरुविद्यालयात दाखल झालो. तेथे सकाळी पाव मिळे. एके दिवशी आई भेटीस आली. काही अंतर एस.टी.ने व पुढचे दोन कोस पायी. पांढऱ्या फडक्यात तिने दशम्या बांधून आणल्या होत्या. प्रवासात मऊ राहाव्यात म्हणून दशमीचे पीठ दुधात भिजवितात, हे आपणांस ठाऊक आहेच. आमच्या घरी दूध विकण्यासाठी असे, पिण्यासाठी नव्हे. शहरातील मुले पाहत होती. मी घाईने गाठोडे घेतले, घंटा झाली असे खोटेच सांगून तिला निरोप दिला, आणि रात्री त्या दशम्या गोठ्यातल्या गाईपुढे टाकल्या. सुट्टीत घरी गेलो, तेव्हा तिने विचारले, "दशम्या मऊ राहिल्या होत्या का रे?" मी म्हणालो, "हो." माझ्या गुरुदीक्षेच्या आदल्या वर्षी ती प्रभुघरी गेली. ह्या पापाची क्षमा मला प्रायश्चित्त संस्कारात कधीच मिळाली आहे. परंतु तो 'हो' मला परत घेता आला नाही.

आपल्या लॅटिन विधीत ओस्तीसाठी गव्हाचे पीठ व पाणी ह्यांवाचून काहीही चालत नाही. मीठ नाही, खमीर नाही. प्रभूने स्वतःला देण्यासाठी इतके साधे अन्न निवडले, आणि मला मात्र साध्या अन्नाची लाज वाटली. रोज वेदीवर ओस्ती मोडताना हे मला आठवते.

ह्या धर्मग्रामात अनेक ठिकाणची कुटुंबे आहेत. कोणाला गोव्यातील, माडाची सूर घालून फुगविलेले उंडे आठवतात. कोणाला वसईची तांदळाची भाकर व लग्नातील फुगे. तर इथल्या मूळच्या घरांना शाळूची पांढरीशुभ्र भाकर व मिरचीचा खर्डा. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी-बाजरीला पुन्हा मान आला. आनंद आहे. पण मान धान्याला आला, थापणाऱ्या हातांना आला का?

म्हणून दोनच विनंत्या करतो. ज्यांची आई हयात आहे, त्यांनी आज घरी जाऊन तिच्याजवळ बसावे, तिच्या हातचे मागून खावे, आणि जमल्यास तिच्याकडून भाकर थापण्यास शिकावे, मुलांनीही शिकावे. दुसरी विनंती अशी : आपल्या आसपास काही वृद्ध मंडळी एकटी राहतात. ज्या हातांनी आयुष्यभर इतरांसाठी भाकरी केल्या, ते हात आता थरथरतात. त्यांच्या दारी रोज एखाद्या घरून एक गरम भाकर जावी. कोणी कोणत्या दिवशी न्यावयाची, ह्याची वही मिस्सानंतर दाराशी ठेवली आहे. पहिला सोमवार मी माझ्या नावावर लिहिला आहे. माझी भाकर अजून कडेला चिरते. तरी ती स्वीकारली जाईल, अशी आशा आहे.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.