बंडीचा आख आणि मोटारीचा संगणक

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात महागाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याचा आग्रह केला तेव्हा 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय सुचविला होता. या विषयावर सेवेत असताना आम्ही इतके बोललो आहोत की आता आमचे आम्हांसच ऐकवत नाही. शिवाय मंडपात शिरताना बाहेर नजर गेली. आमच्या लहानपणी मेळाव्याच्या जागी बंड्या आणि दमण्या सोडलेल्या असत, जुवाशी बैल कडबा खात बसलेले असत, आणि त्यांतील निम्म्या बंड्यांची चाके आपल्याच कोणाच्या तरी हातची असत. आज तेथे मोटारी ओळीने उभ्या आहेत. समाजाची ही भरभराट पाहून कोणास आनंद होणार नाही? तथापि, त्या ओळीतील एकाही मोटारीस आपल्यापैकी कोणाचा हात लागलेला नाही, हाही विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. म्हणून विषय बदलला. अध्यक्षांनी क्षमा करावी.

आमचे वडील गावचे वाढई. सुगीनंतर अंगणात चाकांचे काम निघे. तुंबा आणि आरे बाभळीचे, धुरेस तिवस, साटीस सागवान. कोणते लाकूड कोठे आणि का, हे त्यांनी कोठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते, पण कोणी विचारले तर कारण सांगता येत असे. सर्वांत मोठा सोहळा धाव चढविण्याचा. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा बेताने लहान ठेवावयाची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करावयाची, म्हणजे ती फुगते. मग लोहारकाका आणि वडील दोघे सांडशीने उचलून ती चाकावर बसवीत आणि ''पाणी!'' असे ओरडत. आम्ही पोरे घागरी घेऊन तयारच असू. वाफेचा लोट उठे, धाव आकसे, आणि पाटे, आरे, तुंबा एकमेकांत असे काही आवळले जात की सगळे चाक कडकडून उठे. पुढे शाळेत उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हा धडा शिकविताना आम्हांस प्रयोगाच्या साहित्याची गरज कधी भासली नाही.

त्या वाहनाचा मोठा गुण असा की ते मालकाशी बोलत असे. शेतकरी दारात येऊन सांगे, ''दादा, डावं चाक कुरकुरते. आख खाल्ला वाटते.'' तो आवाजावरून दुखणे ओळखी, वडील हात फिरवून खात्री करीत. वंगण संपले, पाचर ढिली झाली की आख झिजला, एवढीच काय ती दुखणी. औषध गावातच होते आणि मोबदला खळ्यावर धान्यात मिळे.

मोटार आली तेव्हा हे नाते तुटले असे आम्हांस वाटत नाही. 1957 साली निघालेली ॲम्बेसेडर, 1964 पासून मुंबईच्या कुर्ल्यास तयार होणारी आणि पुढे पद्मिनी नाव धारण केलेली फियाट, आणि डोंगरदऱ्यांतून फिरणाऱ्या जीपगाड्या ही सारी यंत्रे डोळ्यांना दिसणारी होती. बॉनेट उघडले की पेट्रोल कोठून येते, हवेत कोठे मिसळते, ठिणगी कोठे पडते, हे बोटाने दाखविता येई. गाडी गचके खाऊ लागली की डेल्कोचे झाकण काढून पॉइंट कानशीने घासावेत, कार्बोरेटरचे जेट तोंडाने फुंकावे. बॅटरी उतरली तर पुढून हँडल मारावे, आणि तेवढ्यानेही न भागल्यास चार माणसांनी ढकलावी. आमचा पुतण्या शाळेत आमच्याच हाताखाली नापास झाला आणि पुसदला एका गॅरेजात पाने देण्याच्या कामास लागला. चार-पाच वर्षांत तो कानाने इंजिन ओळखू लागला. पुढे त्याने हमरस्त्याच्या कडेला स्वतःचे गॅरेज घातले. यवतमाळ-नांदेड रस्त्यावर अडलेला कोणीही असो, त्यास त्याने रात्री-अपरात्री मार्गी लावला. आपल्या आजोबांनी चाक जसे ऐकले, तसेच तो इंजिन ऐकत असे.

आपल्याच जिल्ह्यातील शकुंतला आठवावी. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या त्या गाडीचे वाफेचे इंजिन 1921 साली इंग्लंडात मँचेस्टरला बनलेले होते आणि ते 1994 सालापर्यंत गाडी ओढीत राहिले. सत्तर वर्षे एक यंत्र टिकले, कारण त्याचा प्रत्येक भाग उघडता, घासता आणि पुन्हा घडविता येत होता.

आता नव्या मोटारीकडे वळू. तीत संगणक का शिरला, हे समजून न घेता तिला नावे ठेवणे आम्हां शिक्षकास शोभणार नाही. धुराड्यातून निघणारा विषारी वायू निरुपद्रवी करण्यासाठी गाडीत एक रासायनिक जाळी बसवितात. ती नीट काम करावयाची तर पेट्रोलच्या 1 भागास वजनाने हवेचे सुमारे 14.7 भाग हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागते. कार्बोरेटर हे साधे भोक. त्यास इतका काटेकोरपणा कोठून जमणार? म्हणून धुरात किती प्राणवायू उरला हे मोजणारा सेन्सर आला, पेट्रोल मोजून शिंपडणारी पिचकारी आली, आणि दोहोंच्या मध्ये हिशेब करणारा संगणक आला. आपल्या देशात धुराविषयीचे नियम 2000 सालापासून क्रमाक्रमाने कडक होत गेले. 1 एप्रिल 2020 पासून भारत-6 हा दर्जा साऱ्या देशात लागू झाला. आमच्या नातवंडांच्या छातीत कमी विष जात असेल तर कार्बोरेटर गेल्याचे दुःख आम्ही करणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, जरी ती सांगताना घसा दाटतो. आमचा मावसभाऊ एका लग्नाच्या वऱ्हाडात जुन्या गाडीतून जात होता. उतारावर ब्रेकच्या तेलाची एक नळी फुटली. त्या काळच्या गाड्यांत चारी चाकांस मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. गाडी नाल्यात गेली आणि तो वाचला नाही. नव्या गाडीत दोन स्वतंत्र मार्ग असतात, चाक घसरू न देणारी यंत्रणा असते, छातीपुढे उघडणारी हवेची पिशवी असते. जुने ते सारे सोने असे म्हणणाऱ्यांनी आमच्या मावशीसमोर ते म्हणून दाखवावे.

मग आमची तक्रार कशाविषयी? ती सांगण्यासाठी दोन वर्षांपूर्वीच्या एका रात्रीकडे जावे लागेल. आमच्या सौभाग्यवतींच्या छातीत दुखू लागले. शेजाऱ्यांनी आपली नवी गाडी काढली, पुतण्या सोबत बसला आणि आम्ही नांदेडची वाट धरली. उमरखेड मागे पडले आणि पैनगंगेचा पूल यावयाच्या आत गाडी एकाएकी बंद झाली. ना गचका, ना आवाज. पुढे एक पिवळा दिवा तेवढा पेटला. पुतण्याने बॉनेट उघडले. बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले, पेट्रोलचा पंप कान लावून ऐकला. त्यापुढे काळ्या प्लास्टिकचे झाकण आणि तारांचे जुडगे. ज्याने या रस्त्यावर शेकडो गाड्या चालू करून दिल्या, तो माणूस दिवा हातात धरून निमूट उभा राहिला. आम्ही मास्तर, पाठ न आलेल्या मुलाचा चेहरा आम्ही पुष्कळ पाहिला आहे. पण पन्नाशीच्या माणसाचा तसा चेहरा, आणि तोही चुलतीच्या उशाशी, आम्ही प्रथमच पाहिला.

एस.टी.च्या एका चालकाने बस थांबविली आणि आम्हांस नांदेडपर्यंत नेले. सौ. आज येथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा काळजीचे कारण नाही. गाडी मात्र दोन दिवस रस्त्यात राहिली. मग दोरी बांधून नेली. बिघाड निघाला तो करंगळीएवढ्या एका सेन्सरचा. इंजिनाचा दांडा कोणत्या क्षणी कोठे आहे हे तो संगणकास कळवितो. तो मुका झाला की संगणक ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. तो बदलण्यास एक पाना आणि थोडा वेळ पुरतो. म्हणजे काम पुतण्याच्या हाताचेच होते. त्यास नव्हते ते दुखण्याचे नाव. ते नाव गाडीस ठाऊक होते, तिने ते आपल्या पोटात लिहूनही ठेवले होते. परंतु ते वाचण्याचे यंत्र त्याच्यापाशी नव्हते.

तेव्हा गाडी बोलेनाशी झालेली नाही. ती फक्त बनविणाराशी आणि त्याने नेमलेल्या माणसाशी बोलते. बंडी कोणाशीही बोलत असे.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल देऊन सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने बाहेरच्या कारागिरांस मिळू दिली जात नाहीत, हाच त्यातील आक्षेप होता. प्रकरण पुढे वरच्या न्यायासनांपुढे गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या लोकांनी तर 2012 साली मतदान करून, गाडी दुरुस्तीची माहिती साध्या गॅरेजवाल्यासही मिळाली पाहिजे, असा कौल दिला. आपल्या केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी 2022 साली समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक संकेतस्थळही उघडले. त्यात मोटारींचा समावेश आहे. आमच्या पुतण्याने त्याचे नाव आमच्याकडूनच प्रथम ऐकले.

फुलसावंगी आपल्याच तालुक्यात आहे. तेथील 24 वर्षांच्या वेल्डर तरुणाने मारुती 800 चे इंजिन घेऊन हेलिकॉप्टर बनविले होते, हे आपण सर्वांनी वाचले आहे. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि डोक्यास इजा होऊन त्याचा अंत झाला. लोक हळहळले, काहींनी वेड्यातही काढले. आमच्या मनात वेगळेच येत राहते. खेड्यातल्या वेल्डरने त्या इंजिनास हात घातला, कारण ते उघडत होते, समजत होते. आणि तो गेला, कारण पुढचे समजावून सांगणारा कोणी त्याच्या शेजारी उभा नव्हता. हातात कला असलेल्या मुलास गुरू मिळू नये, यात दोष कोणाचा?

दोषाची गोष्ट निघालीच आहे तर आमचाही सांगून टाकतो. समाजातील मुले आमच्या वर्गात आली की आम्ही सांगत असू, वाकस सोडा, लेखणी धरा. धुळीत हात घालणाराकडे आम्ही जरा वरूनच पाहिले. पुतण्या गॅरेजात गेला तेव्हा दोन वर्षे आम्ही त्याच्याशी धड बोललो नाही. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावास सायकलींच्या धंद्यात पडले, त्यांच्या कारखान्याची वसाहत 1910 साली किर्लोस्करवाडीस उभी राहिली, हा पाठ आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत होतो! शिकविलेले स्वतःच्या घरात लागू करण्याची आपल्याकडे पद्धत नाही, हेच खरे.

गेल्या दिवाळीत पुतण्या आमच्याकडे आला. म्हणाला, ''काका, नव्या गाड्या माझ्याकडे थांबत नाहीत. जुन्या भंगारात चालल्या. स्कॅनर घ्यावा, पोराला शिकवावं, की गॅरेज बंद करून जागा हॉटेलला भाड्यानं द्यावी?'' पाच-सहा हजारांत बिघाडाचा आकडा नुसता वाचून दाखविणारे यंत्र मिळते, पण सर्व कंपन्यांच्या गाड्यांशी पूर्ण बोलणारे यंत्र त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. आम्ही शासनाच्या योजना चाळल्या. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आहे, लोहार आहे, कुलूप दुरुस्त करणाराही आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि हप्त्याने 3 लाखांपर्यंत सवलतीचे कर्ज आहे. मोटार दुरुस्त करणारा मात्र त्या यादीत नाही. विश्वकर्म्याच्या नावाने निघालेल्या योजनेत सुताराच्या नातवास जागा आहे, पण त्याने चाकच केले पाहिजे!

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची एक विनंती आहे. दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारावर आपण जो खर्च करतो, त्यातील काही भाग दोन वर्षे बाजूला ठेवून चांगले यंत्र समाजाच्या मालकीचे घ्यावे. समाजातील गॅरेजवाल्यांनी ते पाळीपाळीने वापरावे आणि प्रत्येकाने एका मुलास शिकवावे. आमच्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम आम्ही आजच खजिनदारांकडे दिली आहे. पुतण्याने अजून निर्णय घेतलेला नाही. हॉटेलवाला रोज विचारावयास येतो.

तोपर्यंत त्याने ते लहान यंत्र घेतले आहे आणि तो आज मंडपाबाहेर निंबाच्या झाडाखाली बसला आहे. ज्यांच्या मोटारीत पिवळा दिवा पेटत असेल, त्यांनी जेवणापूर्वी त्यास गाडी दाखवावी. मोबदला काही नाही. तो गाडीचे दुखणे वाचील, आणि त्याचा मुलगा ते वहीत लिहून घेईल. अक्षर बरे नाही त्याचे, ते आम्ही पाहतो आहोत.

एवढे बोलून आपली रजा घेतो.