बंद गळ्याची चोळी आणि दुकानातील पगार



चालकांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘बस्ता’ असे कळवले. त्यांना वाटले, आम्ही लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध बोलणार. तसे नाही. लग्नात खर्च करू नये असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि पंक्तीत पहिल्या पानावरही तेच असतात. आम्हांला बोलायचे आहे ते बस्ता बांधून देणाऱ्या माणसांविषयी. त्यातही एकाच वस्तूला धरून बोलू. ती म्हणजे नवरीची बंद गळ्याची चोळी, जिला दुकानात ‘हायनेक’ म्हणतात.

बस्ता म्हणजे काय हे भोर-वेल्ह्याच्या श्रोत्यांना सांगायला नको. पण व्याख्याने पुढे छापली जातात आणि पुस्तक कोणाच्याही हाती पडते, म्हणून दोन शब्द. लग्न ठरले की दोन्ही घरची माणसे एक दिवस धरून दुकानात बसतात. नवरीचा शालू, हळदीची पिवळी साडी, विहीणबाईंचे मानाचे लुगडे, मामा-मावश्यांचे आहेर, सगळे एका बैठकीत उरकते. कानंद खोऱ्यातून, गुंजवणीच्या काठावरून, भाटघर धरणाच्या मागच्या गावांतून पंधरा-वीस माणसे जीप करून निघतात. कोणी नसरापुरात थांबतात, कोणी भोरला येतात, आणि ज्यांच्या गाठीला चार पैसे जास्त ते चेलाडी फाट्यावरून सरळ पुण्याचा लक्ष्मी रस्ता गाठतात. वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणतात. बस्त्याला आलेली म्हातारी मात्र अजून ‘आम्ही येल्ह्याचं’ असेच सांगते.

पूर्वी ह्या मुलखात चोळी पुढे गाठ मारायची. खण गुळेदगुड्डचा, शिवणारी घरची किंवा आळीतली. पुढे झंपर आले. बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे पोलके शहरातल्या शिकलेल्या घरांत जुनेच होते. पण आपल्या डोंगरी गावांत नवरीने बंद गळा घालावा हे अलीकडचे. ते का आले, ह्यावर आम्ही दुकानात बसून बरीच चर्चा ऐकली. कोणी म्हणतात सिनेमा, कोणी म्हणतात मोबाईल. आमचे मत निराळे आहे. सोन्याचा भाव वाढला. गळ्यात ठुशी नाही, पुतळ्यांची माळ नाही, तर मोकळा गळा चार बायकांत उघडा पडतो. गळ्यापर्यंत जर आणि मणी भरलेली चोळी असली की तिथे दागिना नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. एका आईने आमच्यादेखत दुकानातल्या मुलीला हळूच विचारले होते, “ताई, ह्याच्यावर काही घालावं लागत नाही ना?” वैशाखाच्या उन्हात ती पोर गुदमरते, हे खरे. पण त्या आईचा प्रश्नही खोटा नाही.

आता ह्या चोळीचा व्यापार कसा चालतो ते पाहा. साध्या तयार चोळीत शिंपी बगलेच्या शिवणीत माया सोडतो. नवरी अंगाने थोडी भरलेली निघाली तर शिवण उसवून इंच-दोन इंच सैल करता येते. मोठ्या गळ्याच्या चोळीत गळ्याचे माप थोडे चुकले तरी चालते. बंद गळ्याला ही सवलत नाही. पट्टी गळ्याभोवती नेमकी बसावी लागते. आत बकरम असते, वर भरतकाम असते, ते कापले तर नक्षी तुटते. छाती, कंबर, बाही सगळे जमले आणि गळा अर्ध्या इंचाने आवळला, तर चोळी गेली. शिंप्यांच्या भाषेत सांगायचे तर गळ्याला माया नसते.

तेव्हा हा माल मापाने शिवून द्यायचा आहे, अंदाजाने भरून ठेवायचा नाही. पण बस्त्याला आलेली माणसे त्याच दिवशी सगळे घेऊन जाऊ म्हणतात. पुन्हा गाडी करून यायला परवडत नाही. म्हणून दुकानदार तयार माल भरतो. ठोक व्यापारी परत घेत नाही. हंगाम सरला की पावसाळा येतो. वेल्ह्याचा पाऊस तुम्हांला माहीत आहे. दमट कपाटात जर काळवंडते आणि पुढच्या कार्तिकात, तुळशीचे लग्न लागून हंगाम उघडतो तेव्हा, तीच चोळी जुनी दिसते. दुकानदाराचे हे दुखणे आम्ही नाकारत नाही. तोही उधारीवर माल उचलतो.

प्रश्न एवढाच की हे नुकसान कोणी सोसायचे?

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. दुकानाचे नाव घेत नाही, गावही सांगत नाही. मालकाने अशा चाळीस चोळ्या भरल्या. सतरा पडून राहिल्या. काउंटरवर वेल्ह्याकडची एक मुलगी होती, रोज एसटीने यायची. मालकाने हिशेब मांडला की तू गिऱ्हाइकाला नीट पटवले नाहीस, म्हणून माल राहिला. आणि तीन महिने तिच्या पगारातून पैसे कापले. माल निवडला मालकाने, मापे ठरवली ठोकवाल्याने, भाव लावला पुन्हा मालकाने. तिने फक्त घडी मोडून दाखवली आणि परत घातली.

ती आमच्याकडे आली आणि आम्ही चूक केली. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचा कायदा आम्ही युनियनच्या कचेरीत ओळीखाली बोट धरून वाचला. त्या भरात महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा बगलेत मारून, पाच-पंचवीस माणसे घेऊन दुकानापुढे उभे राहिलो. मालकाने शांतपणे नोकर मोजून दाखवले. सहा! तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी होता; त्याखालच्यांनी फक्त कळवायचे, बाकीची बहुतेक कलमे त्यांना लागू नव्हती. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे भोरची पेठ कायद्यापासून आणखी लांब गेली. आम्ही घोषणा देऊन परत आलो आणि दुसऱ्या दिवशी मालकाने मुलीला सांगितले, उद्यापासून येऊ नकोस. ती आम्हांला म्हणाली, “काका, मोर्चा तुमचा झाला, नोकरी माझी गेली.” ह्यावर उत्तर नव्हते. आजही नाही.

नंतर आम्ही शिकलो. संसदेने 2019 साली मंजूर केलेली वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्यात काही गोष्टी आमच्या मनाविरुद्ध आहेत, त्यावर आमचे झगडे चालूच आहेत. पण एक गोष्ट कामाची आहे. पगाराची कलमे दुकानातल्या डोक्यांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा तर तो माल त्या कामगाराच्या ताब्यात खास सोपवलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे. कापलेली रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. चोळीवर चहा सांडला तर वाद होऊ शकेल. चोळी खपली नाही, ही कामगाराची हयगय नव्हे. नफा झाला तेव्हा मालकाने तिला भागीदार केले नव्हते, मग तोट्यातच भागीदारी कुठून आली?

जाता जाता उभे राहण्याविषयी. जुन्या कापडदुकानात गादी असे. गिऱ्हाईक बसे, गुमास्ताही बसे. गादी गेली, काचेचे काउंटर आले आणि बसायची जागा फक्त गिऱ्हाइकाला उरली. बस्त्याच्या दिवशी ह्या मुली सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभ्या असतात. इंग्लंडात 1899 साली कायदा झाला की दुकानात दर तीन स्त्री-कामगारांमागे एक तरी आसन हवे. आपल्याकडे केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका त्यासाठी झगडल्या, तेव्हा 2018 मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूत 2021 मध्ये. भोरच्या दुकानदारांना आम्ही कायदा दाखवत नाही. लाकडी स्टूल किती रुपयांना येते, एवढेच विचारतो. दोघांनी ठेवली आहेत.

त्या मुलीचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. कापलेल्या पैशांपैकी निम्मे मालकाने मध्यस्थांमार्फत परत केले, निम्मे बुडाले. नोकरीवर ती परत गेली नाही. घरी यंत्र घेतले. आता लग्नघरी जाऊन नवरीच्या गळ्याचे माप घेते आणि नगावर बंद गळ्याच्या चोळ्या शिवते. दोन दुकानदार तिच्याकडे काम पाठवतात, त्यांतला एक तो जुनाच आहे. मापाच्या चिठ्ठीवर ती गिऱ्हाइकाची सही घेते, आणि खाली दुकानदाराचीही.