तुंबलेली शीर



चिखली-कुदळवाडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या श्रोत्यांना तुंबलेली नळी म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. तुंबली की मोकळी करावयाची! म्हणूनच २००९ साली इटलीतील फेरारा येथील शस्त्रवैद्य पाओलो झांबोनी यांनी मांडलेली उपपत्ती लोकांना चटकन् पटली.

मल्टिपल स्क्लेरॉसिस या रोगात मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरचे आवरण जागोजागी नष्ट होते. दृष्टी अंधूक होते, पाय लटपटतात. मानेतील शिरा अरुंद असल्याने रक्ताचा निचरा होत नाही व मेंदूत लोह साचते, त्यातून हे घडते, असे झांबोनींचे म्हणणे. त्यांच्या पत्नीलाच हा रोग होता. शिवाय डागाच्या मध्यभागी रक्तवाहिनी असते, हे रिंडफ्लाइश यांनी १८६३ मध्येच पाहिले होते.

मग शिरेत फुगा घालून ती रुंद करण्याची लाट आली. कॅनडात ते होईना, म्हणून तेथील रुग्ण पदरमोड करून भारतातही आले. त्यांना भोळे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

परंतु २०१३ साली कॅनडातच तपासणी झाली, तेव्हा रुग्णांच्या निरोगी भावंडांच्या शिराही जवळजवळ तितक्याच अरुंद निघाल्या. झांबोनींनी स्वतः १३० रुग्णांवर प्रयोग केला. काहींच्या शिरेत फुगा फुगविला, काहींच्या बाबतीत नुसता देखावा. उपाय बहुतांशी निष्फळ, त्याची शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष २०१७ मध्ये त्यांनीच छापला. स्वतःच्या लेकराविरुद्ध साक्ष द्यावी, तसे हे!

डागाच्या मध्यावरची ती शीर मात्र आज एम.आर.आय.मध्ये निदानाच्या कामी येते.