पॅच परत आला तर



लिनक्स कर्नलमध्ये आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. त्यात आपण कुठे हात घालणार, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने हे काम सुरू केलं, तेव्हा तोही हेलसिंकी विद्यापीठात शिकतच होता. तेव्हा जरूर हात घाला. फक्त घाईने नको.

२०२० च्या ऑक्टोबरात काय झालं ते सांगतो. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ओपन सोर्स उपक्रमात प्रकल्पांना चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळणार होता. लोकांनी रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घुसडून बदलांचा नुसता पाऊस पाडला. नोकरी सांभाळून, बरेचदा बिनपगारी राबणारे मेंटेनर ते नाकारता नाकारता मेटाकुटीला आले. पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला : प्रकल्पाची तयारी असेल, तरच बदल मोजायचा. नवखेपणाबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याचा वेळ असा उधळला की मात्र चीड येते.

खरं तर नवख्याची नजर प्रकल्पाला हवीच असते. जुन्याजाणत्यांच्या लॅपटॉपवर सगळं आधीच बसवलेलं असतं. बिल्डच्या सूचनांमधली एखादी पायरी मोडली आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी तिथे अडता. तेच नीट लिहून कळवा : आवृत्ती कुठली, कमांड काय दिली, एरर काय आला. दुसऱ्याला तो बग आपल्या मशीनवर पुन्हा घडवून बघता आला, की निम्मं काम झालं.

कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचं फोल्डर आहे. तिथल्या कच्च्या ड्रायव्हर्ससोबत काय करायचं बाकी आहे, याची फाइल असते. त्यातलं एखादं छोटं काम उचला. पॅच तपासणारी ‘चेकपॅच’ स्क्रिप्ट चालवा. बदल का केला, ते संदेशात लिहा. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणून तुमचं नाव येतं. कोड एआयकडून लिहून घेतला असला तरी नाव तुमचंच, आणि रिव्ह्यूमध्ये ‘हे असं का?’ विचारल्यावर उत्तरही तुम्हीच द्यायचं.

पहिला पॅच बहुधा परत येईल. शेरे वाचा, दुरुस्त करा, काय बदललं ते लिहून पुन्हा पाठवा.

प्राचार्य महोदय, एक विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे गुण देताना किती पॅच स्वीकारले गेले, एवढंच मोजू नका. नाकारलेल्या पॅचवरचा पत्रव्यवहारही मुलांकडून मागवून घ्या, आणि त्यालाही गुण द्या.