दिल्लीचं नाव, दिल्लीची नदी

दिल्लीत राहणारा मराठी माणूस सुटीला पुण्यात किंवा दादरला गेला की त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : तुम्ही तिथं राहता तरी कसे? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नोव्हेंबरातला धुरकट सूर्य असतो, रात्री बाईमाणसानं एकटीनं बाहेर पडू नये हा ऐकीव सल्ला असतो आणि गाडीला जरा धक्का लागला की 'जानता नहीं मेरा बाप कौन है' असं दरडावणारा कुणीतरी असतो. अशा वेळी दिल्लीचा मराठी माणूस दिल्लीची वकिली करायला लागतो. मेट्रो, झाडांनी भरलेले रस्ते, लोदी बागेतली सकाळ, मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फुललेली लालभडक सावर, थंडीतली लाल गाजरं आणि कोवळा मटार, असं सगळं तो मोजून दाखवतो. तोच माणूस परत पहाडगंजला किंवा इंदिरापुरमला पोचला की शेजाऱ्याबरोबर दिल्लीच्या नावानं बोटं मोडतो. यातलं कुठलंच बोलणं खोटं नसतं.

समुद्रकाठच्या शहरांतही हेच चालतं. मुंबईकर लोकलच्या गर्दीला शिव्या घालतो, पण पाहुण्यानं घातल्या तर चवताळतो. कळंगुटचा रहिवासी पर्यटकांवर पोट भरतो आणि त्यांच्यामुळे आपलं गाव ओळखू येईनासं झालं म्हणून हळहळतोही. तरी त्या दोघांना संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसायला जागा आहे. शहराशी भांडण झालं की मुंबईकर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसतो. दिल्लीही पाण्याकाठचंच शहर आहे, पण कोट्यवधी लोकसंख्येच्या या महानगरातली कितीतरी माणसं आठवडेच्या आठवडे यमुना पाहत नाहीत. पाहिलीच तर मेट्रोच्या खिडकीतून किंवा पुलाच्या जाळीतून, आणि तीही नाकाला रुमाल लावून. राजघाटावर फुलं वाहायला आलेल्या पाहुण्याला तिथून नदी दिसतच नाही.

हे असं कायमचं नव्हतं. शाहजहाननं १६३९ मध्ये लाल किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ मध्ये तो तिथं राहायला आला, तेव्हा किल्ल्याची पूर्वेकडची बाजू यमुनेला लागून होती. बादशहा झरोक्यात उभा राहिला की खाली नदीच्या वाळवंटात प्रजा जमे. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनीही त्याच झरोक्यातून लोकांना दर्शन दिलं. नदी मात्र हळूहळू पूर्वेकडे सरकत गेली, आणि तिनं सोडलेल्या जागेतून आता रिंग रोड जातो. १९११ च्या त्याच डिसेंबरात नव्या राजधानीची कोनशिला शहराच्या उत्तरेला, राज्यारोहणाच्या दरबाराच्या मैदानाजवळ बसवली होती. ती जागा पुराची आणि रोगट ठरली, म्हणून राजधानी रायसीनाच्या टेकडीवर गेली. १९३१ मध्ये नवी दिल्ली उभी राहिली तेव्हा शहराचा मान उंचावर होता आणि नदी मागच्या अंगणात होती.

मग माणसं आली. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या नऊ लाखांच्या थोडी वर होती, १९५१ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित इथं आले. लाजपत नगर, राजिंदर नगर, पटेल नगर या वस्त्या त्यांच्या. लाहोर आणि रावळपिंडी मागे टाकून आलेल्या माणसांनी हे शहर कष्टानं उभं केलं, तंदूर आणला, दुकानदारी आणली, मोठ्यानं बोलणं आणलं. जुन्या शहरातली उर्दू बोलणारी माणसं तेव्हा म्हणत, दिल्ली संपली. आज त्या पंजाबी कुटुंबांचे नातू बिहार आणि पूर्वांचलातून आलेल्यांकडे पाहून तेच म्हणतात. २०११ मध्ये लोकसंख्या १ कोटी ६७ लाखांवर होती. प्रत्येक पिढीला आपण येण्याआधीची दिल्ली सुंदर वाटते आणि आपल्यानंतर आलेल्यांनी ती बिघडवली असं वाटतं. शहराचं कौतुक झालं की आपण आतले आणि बदनामी झाली की बाहेरचे, ही दिल्लीकराची जुनी सवय आहे. मराठी माणूसही तिला अपवाद नाही.

मराठ्यांचं या शहराशी असलेलं नातं तर पाहुणचाराचंही नाही. १७३७ मध्ये बाजीरावाच्या फौजा तालकटोऱ्यापर्यंत आल्या होत्या. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत मोगल बादशहा शाह आलमला पुन्हा तख्तावर आणून बसवलं. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पलीकडे, पटपडगंजच्या परिसरात, शिंद्यांची फौज जनरल लेककडून हरली आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईची आठवण सांगणारा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. पटपडगंजच्या आजूबाजूला सहकारी गृहसंस्थांच्या इमारतींची रांग आहे. हिंदुस्थानचा कारभार कुणाकडे जाणार हे जिथं ठरलं, त्या भागाला दिल्लीत दीर्घकाळ थोडं खालच्या आवाजात 'जमनापार' म्हटलं गेलं. पलीकडे राहतो असं सांगणाऱ्या मुलाला स्थळं कमी येत, रात्री रिक्षावाला पूल ओलांडायला तयार नसे.

हा शिक्का पुसायला एका रेल्वेनं मदत केली. दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला तो शाहदऱ्यापासून तीस हजारीपर्यंत, म्हणजे यमुना ओलांडूनच. चकाचक स्थानकं आणि वेळ पाळणाऱ्या गाड्या दक्षिण दिल्लीच्या आधी शाहदऱ्याला मिळाल्या. शहराच्या बदललेल्या स्वभावाबद्दल बोलताना या गोष्टीचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा. दिल्लीतला माणूस रांगेत उभा राहत नाही असं म्हणणाऱ्यांनी सकाळी काश्मिरी गेटला एकदा गाडी बदलून पाहावी.

बदनामीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण तिचा मोठा भाग खरा आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री बसमध्ये एका तरुणीवर जो सामूहिक बलात्कार झाला त्यानंतर देशभरातल्या आईबापांनी दिल्लीत शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलींची समजूत काढायला सुरुवात केली. दिल्लीकरांनी मात्र त्या आठवड्यात काय केलं? कडाक्याच्या थंडीत हजारो मुलंमुली रायसीनाच्या चढावर गेली, पाण्याचे फवारे अंगावर घेतले आणि तरी हटली नाहीत. न्यायमूर्ती जगदीशशरण वर्मा यांच्या समितीनं एका महिन्यात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. त्यानं रस्ते सुरक्षित झाले असं कुणी म्हणणार नाही. पण 'हे आमच्या शहरात झालं' असं म्हणायला जेव्हा माणसं रस्त्यावर उतरतात, तेव्हा ती बाहेरची राहत नाहीत.

हवेचंही तसंच. वकील महेशचंद्र मेहता यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या खटल्यातून पुढे सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा आदेश आला आणि २००२ अखेर दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर गेल्या. काही वर्षं आकाश खरोखर निवळलं. मग खासगी गाड्यांची संख्या वाढत गेली, बांधकामांची धूळ आली, शेतातला पेंढा जळत राहिला आणि मिळवलेलं हातचं गेलं. आता थंडीत सोसायटीच्या दहाव्या मजल्यावर हवा शुद्ध करणारं यंत्र चालतं आणि खाली फाटकावरचा पहारेकरी ऊब मिळावी म्हणून काटक्या पेटवतो. पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्या, असं हवेची देखरेख करणाऱ्या आयोगाला गृहसंस्थांना सांगावं लागलं. खरं तर हे कुणी सांगायची गरज पडू नये.

तरी दिल्लीचा खरा हिशेब हवेपेक्षा पाण्यात जास्त स्वच्छ दिसतो. वझिराबादच्या बंधाऱ्यापासून ओखल्याच्या बंधाऱ्यापर्यंत यमुना २२ किलोमीटर वाहते. १,३७६ किलोमीटरच्या नदीचा हा दोन टक्क्यांहूनही कमी भाग, आणि तिच्या एकूण प्रदूषणातला जवळपास तीन चतुर्थांश वाटा याच पट्ट्याचा. वझिराबादला पिण्यासाठी पाणी उचललं की कोरड्या महिन्यांत पुढे सोडायला जवळजवळ काही उरत नाही. लगेच खाली नजफगड नाला येऊन मिळतो. कधी काळी अरवलीतून येणारी साहिबी नदी याच वाटेनं यमुनेला भेटायची. म्हणजे ओखल्याच्या अलीकडे जे वाहतं ते बरंचसं शहरानंच सोडलेलं पाणी आहे. साबणाचा आणि कारखान्यांचा अंश असलेलं ते पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंधाऱ्यावरून कोसळलं की कालिंदी कुंजला पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगतात. त्याच सुमारास छठ येतो. फेसात कमरेपर्यंत उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बायकांची छायाचित्रं जगभर जातात आणि दिल्लीची मान खाली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आरोग्याच्या कारणानं यमुनेच्या काठावर छठपूजेला परवानगी नाकारली. ज्या बायकांच्या छायाचित्रांनी शहराला लाज वाटते, त्याच अजून यमुनेला नदी मानून तिच्यात उतरतात. त्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नदी आपली आठवण स्वतःही देते. १८६० च्या दशकातला दुमजली लोखंडी पूल, वर रेल्वे आणि खाली वाहनं, ही दिल्लीची पूर मोजण्याची पट्टी आहे. तिथं पाणी २०५.३३ मीटरवर गेलं की धोका. १९७८ च्या पुरात ते २०७.४९ पर्यंत चढलं होतं आणि म्हातारी माणसं त्याच्या गोष्टी सांगत. जुलै २०२३ मध्ये पाणी २०८.६६ मीटरवर गेलं. रिंग रोड बुडाला, काश्मिरी गेट आणि लाल किल्ल्याच्या मागची बाजू पाण्यात गेली, जलशुद्धीकरण केंद्रं बंद पडली. किल्ल्याखाली पुन्हा पाणी पाहून कित्येक दिल्लीकर भारावून गेले, फोटो काढायला आले. त्याच वेळी यमुना बाजारातल्या आणि खादरातल्या, म्हणजे पूरक्षेत्रातल्या, कुटुंबांचे संसार रस्त्याकडेच्या तंबूंत होते. नदीकाठची सर्वात मोठी वस्ती, यमुना पुश्ता, २००४ मध्ये अतिक्रमण म्हणून उठवली गेली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पूरक्षेत्रातच राष्ट्रकुल स्पर्धांच्या खेळाडूंसाठी पक्क्या इमारती झाल्या. नदीकाठी कुणी राहायचं याचा न्याय दिल्लीनं असा केला. त्याचं दुःख ज्यांना झालं त्यांचा आवाज शहराच्या प्रतिमेच्या चर्चेत कुठंच नाही.

दिल्लीच्या सीमेपलीकडची शहरं याच स्वभावाची. १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली तेव्हा गुडगाव जिल्ह्याचं साधं ठिकाण होतं. २०१६ मध्ये त्याचं गुरुग्राम झालं आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये एका पावसात गाड्या रात्रभर रस्त्यावर अडकल्या, कारण पाणी वाहून नेणारे जुने बांध आणि ओढे इमारतींखाली गेले होते. पण त्याच शहरातल्या रहिवाशांनी खाणींनी उजाड केलेल्या टेकड्यांवर अरवलीची मूळ झाडं लावून जैवविविधता उद्यान उभं केलं. तक्रार करणारी आणि झाडं लावणारी माणसं बहुतेक वेळा एकच होती.

पुन्हा यमुनेकडे यायचं तर, हिवाळ्यात निगमबोधजवळच्या घाटांवर कुरव येतात, कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारे तेच पक्षी. पहाटे नावाडी शेव उधळतात, पांढऱ्या पंखांचा गोंधळ उडतो, छायाचित्रकारांची गर्दी होते. शेव पक्ष्यांना चांगली नाही, हे पक्षिमित्र सांगतात आणि ते बरोबर आहे. तरी जन्मानं कोकणी असलेल्या दिल्लीकराचा तिथं जीव रमतो, याचं नवल नाही.

कोकणातलेच चिंतामणराव देशमुख इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत अग्रभागी होते. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरलं, त्यानंतर थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये, डॉ. तारा भवाळकर अध्यक्ष असताना, तालकटोरा स्टेडियममध्ये. पहाडगंजची नूतन मराठी शाळा, गणेशोत्सव, नाटकं, हे सगळं दिल्लीतल्या मराठी माणसानं टिकवलं. मग शहराच्या नदीबाबत तो पाहुणा का राहावा? यमुनेत मूर्तिविसर्जनाला मनाई आहे, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि कृत्रिम तलावांची सोय होते. ही अडचण आहे असं मंडळांमध्ये कुरकुरून बोललं जातं. ती दिल्लीकर म्हणून घेतलेली जबाबदारी आहे असं म्हटलं जायला हवं, आणि शाडूची छोटी मूर्ती हा नियम न होता अभिमान व्हायला हवा.

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना मंडळं कुतुबमिनार, राजघाट आणि अक्षरधाम दाखवतात. त्यात एक सकाळ वाढवावी. वझिराबादजवळ यमुना जैवविविधता उद्यान आहे. प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली ओसाड जमिनीवर पाणथळी आणि पूरक्षेत्रातलं मूळचं रान तिथं परत आणलं गेलं आहे, हिवाळ्यात बदकं उतरतात. तिथून पाहुण्यांना थेट ओखल्याच्या बंधाऱ्यावर न्यावं आणि वास येईल तेव्हा गाडीच्या काचा वर करू नयेत. पुण्याला परतून त्यांनी दिल्लीची निंदा केली तर करू द्यावी. ती त्यांनी दोन्ही टोकं पाहून केलेली असेल, आणि तिला उत्तर द्यायला दिल्लीच्या मराठी माणसाकडे मेट्रो आणि मटारापेक्षा जास्त काही असेल.