लांडगा पाडतो, गडी धरतो

टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा कल्पित साहसांचा एक खेळ आहे. नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. तो अमेरिकेत १९७४ साली निघाला. त्यात वनरक्षक झालेल्या खेळाडूला एखादा इमानी लांडगा सोबतीला घेता येतो. नवखा खेळाडू त्याला एकट्यालाच शत्रूवर सोडतो, आणि मुके जनावर हकनाक मरते. ते वाचावे कसे?

२०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीचे नियम पाहा. लांडग्याचा चावा लागला की शत्रूने ताकदीचा फासा टाकायचा. बेरीज ११ च्या आत आली की तो आडवा! पण निम्मी चाल खर्चून तो आपल्या पाळीला पुन्हा उठतो. खरी मेख इथेच आहे. लांडगा पाडील, पण धरून कोण ठेवणार?

ते काम जोडीदार योद्ध्याचे. शत्रूची पाळी येण्याआधीच त्याने मोकळ्या हाताने पकड घालावी. पकड बसली की शत्रूची चाल शून्य. चालच नाही, तर उठणार कसा? पडलेल्याला वार करताना दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. लांडगा वाचतो तो त्यामुळे. उलट पाच फुटांच्या आत असलेल्या आपल्या माणसांना मोठा आकडा मिळतो. तिरंदाजाने मात्र दुरून बाण सोडू नये. तिथे लहानच आकडा पदरी पडतो.

आणि शत्रू योद्ध्यापेक्षा दोन मापांनी मोठा असला, तर पकड बसतच नाही. अशा वेळी लांडग्याला खुशाल मागे बोलवा. सोबती जगला, तर पुढच्या लढाईला उपयोगी पडेल.